सी विंगचा जिना आणि खोकी

सी-२०३ काकू: नमस्कार. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात पुन्हा खोकी, बाटल्या, अंड्यांचे ट्रे. काल लाइट गेली तेव्हा ह्यांचा पाय अडकला. गणपतीतही हेच झालं होतं, तेव्हा गप्प बसले. उद्या आग लागली तर धावायचं कुठून? जिना मोकळा हवा.

ओवीची आई: काकांना लागलं नाही ना? सामान आमच्या चपलांच्या रॅकवर रचलेलं होतं. खाली कुणी ढकललं माहीत नाही.

सी-२०३ काकू: रॅकही जिन्यातच आहे ना. जिना मोकळा हवा.

ए-१०१: एवढी खोकी कशाला लागतात पण?

ओवीची आई: ‘मॅड’ बघून ओवीचा खोक्यांचा रोबो चाललाय. पोगो चॅनेलवर लागायचं बघा, रॉबचं, टाकाऊतून वस्तू करायचं. शाळेतून आलो की दप्तर फेकून आम्ही टीव्हीसमोर. आता रॉब यूट्यूबवर शिकवतो, ओवी ते बघते.

बी-५०४: आर्ट अटॅक विसरलात? मूळ इंग्लंडचं, १९९० सालचं. नील ब्यूकॅनन जमिनीवर जुने कपडे, सामानसुमान पसरत जायचा. जवळून नुसता पसारा, वरच्या कॅमेऱ्यातून अख्खं चित्र!

बी-३०२: तुमची गाडीही वरून बघायला हवी मग. खालून तर दोन पार्किंगमध्ये दिसते 😄

बी-५०४: ते एजीएमला बोला.

बी-३०२: एजीएमला तुम्ही येता कुठे?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏 जिना, डक्ट, मीटर रूम इथे कुणीही काही ठेवू नये. रविवारी हाउसकीपिंगला सगळं उचलायला सांगतो.

आरवचे बाबा: मागच्या वेळी असंच उचललंत. आरवने जमवलेली बाटल्यांची झाकणं गेली कचऱ्याच्या गाडीत. पोरगा न जेवता झोपला. आधी एक फोन तरी करायचा.

सी-२०३ काकू: मुलांबद्दल माझं काही नाही. जिना मोकळा हवा.

ए-६०१ आजोबा: जरा सविस्तर लिहितो. मी टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होतो. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ताही आयआयटी कानपूरहून टेल्कोतच आले होते. १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांत खोचून त्यांनी मुलांसाठी मेकॅनो, म्हणजे जोडणीचा खेळ केला. चौकोन केला की कलंडतो, त्रिकोण हटत नाही. छपराची कैची त्रिकोणी का, हे मुलाच्या बोटांना कळतं. दूरदर्शनवर त्यांच्या फिल्म लागायच्या. पुढे आपल्याच पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून खेळणी केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण मात्र मुलांची खोकी फेकतो आणि नंतर पोरं मोबाइल सोडत नाहीत म्हणून रडतो.

ओवीची आई: अगदी बरोबर आजोबा. स्ट्रॉची पिपाणी त्यांचीच बघून केली. टोक दातांनी चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, ओठांत धरून फुंकायचं. वाजवताना दुसऱ्या टोकाने कापत गेलं की सूर चढत जातो.

बी-३०२: तरीच काल दुपारी! झोपेचं खोबरं झालं हो.

आरवचे बाबा: सेक्रेटरीसाहेब, क्लब हाउसमधलं लोखंडी कपाट मुलांना द्या ना. वर्षभर रिकामंच आहे.

सेक्रेटरी: हरकत नाही. चावी जुन्या कमिटीकडे आहे.

बी-५०४: जुनी कमिटी म्हणजे मीच. चावी मार्चमध्येच ऑफिसात दिली आहे. रजिस्टर बघा.

सेक्रेटरी: बघतो. मिळाली तर उद्या संध्याकाळी कपाट उघडू.

सी-२०३ काकू: दुधाच्या पिशव्या, ज्यूसची खोकी धुऊन वाळवून ठेवा, नाहीतर झुरळं होतील. माझ्याकडे ब्लाउजपीसचे तुकडे, बटणं आहेत. ओवीला पाठवा. रॅकही आजच आत घ्या. जिना मोकळा हवा.

ओवीची आई: पाठवते काकू. रॅक हे आले की आत घेतो.

ए-६०१ आजोबा: व्हॉल्व्ह ट्यूब कुठे मिळते हल्ली?

बी-३०२: गेटबाहेरच्या पंक्चरवाल्याला विचारतो. किती हवी?

ए-६०१ आजोबा: दोन मीटर आणा. रविवारी सकाळी दहाला मुलांना क्लब हाउसमध्ये पाठवा. काड्या मी आणतो, गुल काढून.