आमच्याकडे डबा आहे

गेलेल्या आजोबांचा चष्मा टाकवत नाही असं तुमच्यापैकी कुणी म्हणालात ना, आमच्याकडे तसा त्यांचा जेवणाचा डबा आहे, पितळी, तीन पुडांचा. आजोबा लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखभर कामगार बाहेर, आणि तो डबा परत कधी भरलाच नाही. पुढे फुटपाथवर भाजी विकली त्यांनी पण पहाटे भोंग्याच्या टायमाला उठायचे ते शेवटपर्यंत, भोंगा कधीचा बंद झाला तरी, आणि उठले की अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं खाकरायचे, आम्ही जाम वैतागायचो. आता त्या डब्यात आईचे सुईदोरे असतात, झाकणावरचा त्यांचा बिल्ला नंबर मात्र ती घासू देत नाही.