अनुभव धागा: वर्दीवरचे पदक आणि सर्व्हिस शीटवरची नोंद

ओरोसकर
महाराष्ट्र दिनाच्या सुमारास पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हाची यादी जाहीर होते. यंदा ती वाचताना आमच्या जिल्ह्यातील काही हवालदारांच्या नावांसमोर सलग पंधरा वर्षांच्या उत्तम सेवाभिलेखाचा उल्लेख दिसला आणि वडिलांची आठवण झाली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते शिपाई म्हणून नव्या जिल्ह्याकडे वर्ग झाले. निवृत्तीपर्यंत त्यांच्या छातीवर एकही पदक लागले नाही, परंतु सर्व्हिस शीटची पाने बक्षिसांच्या नोंदींनी भरलेली होती: पन्नास रुपये, शंभर रुपये, ‘चांगल्या तपासाबद्दल’, ‘उत्तम बंदोबस्ताबद्दल’. या रकमा आईला कधी कळल्याही नाहीत, मात्र नोंद चढली की नाही, हे बाबा कारकुनाला आवर्जून विचारत असत.
आपल्या घरात किंवा ओळखीत कोणाला पदक, प्रशस्तिपत्र वा बक्षीस मिळाले असेल, किंवा मिळायला हवे असताना मिळाले नसेल, तर कृपया लिहावे. राजकारण नको.

सुरंगीचा गजरा
आमच्या काकांना बक्षीस लागले की अख्खे पोलीस ठाणे पेढे मागत असे. काकांचे ठरलेले उत्तर होते, ‘शंभराचां बक्षीस आणि तीनशेचे पेढे, ह्यां गणित माका जमणां नाय.’ तरीही पेढे ते आणतच.

माजी लिपिक
मी जिल्हा पोलीस दलाच्या आस्थापना शाखेत नोकरी केली, त्यामुळे ही पदके मी कागदाच्या बाजूने पाहिली आहेत. राष्ट्रपती पोलीस पदक आणि पोलीस पदक ही दोन्ही १९५१ पासूनची असून त्यांची घोषणा प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या दोन प्रसंगी होते. नावांची फेररचना २०२४ मध्ये झाली. प्रस्ताव पोलीस ठाण्यातून अधीक्षकांकडे, तेथून कोकण परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे, पुढे महासंचालक कार्यालय आणि राज्य शासन असा चढत चढत केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो. विभागीय चौकशी प्रलंबित असेल किंवा गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल, तर तो वाटेतच थांबतो.
लोकांना ठाऊक नसते ती गोष्ट अशी की, प्रस्तावाचा मजकूर बहुतेक वेळा ठाण्यातच तयार होतो. ‘रात्रगस्तीत आरोपीस शिताफीने पकडले’ एवढ्या एका वाक्यावर भागवणाऱ्याचे काम मागे पडते आणि वेळ, ठिकाण, सोबत किती माणसे होती, हातात काय होते, धोका नेमका कोणता होता, हे सविस्तर मांडणाऱ्याचे काम पुढे सरकते. उत्तम तपास करणारे कितीतरी हवालदार स्वतःविषयी लिहायची वेळ आली की संकोचत, आणि त्यांच्या शेजारी बसून आम्हालाच ते प्रश्न विचारून काढावे लागे.

गौरीआवाहन
नवऱ्याला प्रशस्तिपत्र मिळाले तेव्हा अलिबागच्या संचलन मैदानावर आम्ही सगळे गेलो होतो. अभिमान वाटला, हे नाकारत नाही. परंतु गणपतीत मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघतात, तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावर छत्री धरून उभा असणारा माणूस आमच्या घरचा असतो, आणि आमच्या गणपतीची आरती दीर करतात. साहेबांनी मैदानावर ‘काही अडचण?’ असे विचारले, तेव्हा सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘कागद दिलात, आता गौरीजेवणाला रजाही द्या.’ साहेब हसले. रजा मिळाली नाही.

सुरंगीचा गजरा
सासूबाईंना महासंचालकांचे सन्मानचिन्ह द्यायला हवे!

दर्यावर्दी श्रीवर्धन
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज आणि फोन दोन्ही गेले, आणि रस्त्यावरची झाडे तोडणाऱ्यांमध्ये करवत घेतलेले पोलीस शिपाई मी स्वतः पाहिले. त्यांच्यापैकी कोणाला पुढे काय मिळाले, याची कल्पना नाही.
मात्र मला आणखी एक मुद्दा मांडायचा आहे. १९९३ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके आमच्या किनाऱ्यावरच्या शेखाडीला उतरली, आणि त्या बॉम्बस्फोट खटल्यात खाकी वर्दीतील काही जणांनाही शिक्षा झाली. आमच्या पिढीने ही नाचक्की पाहिली आहे. म्हणून पंधरा वर्षे डाग न लागलेल्या सेवेला सन्मानचिन्ह देणे हे काही जणांना किरकोळ वाटत असले, तरी या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ते किरकोळ वाटणार नाही. बंदरावर पाकीट नाकारल्याचा पंचनामा होत नसतो.

स्पष्टवक्ता चिपळूण
क्षमा असावी, परंतु मला हे सर्व फार गोड वाटते. जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत आले होते. नंतरच्या एका सत्कारात व्यासपीठावर जे चेहरे दिसले, त्यांतील काही जण पाणी ओसरल्यावर आले होते, आणि दोराला धरून माझ्या आजीला बाहेर काढणारा शिपाई मात्र त्याच कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला दारात उभा होता. साहेबांच्या जवळ असेल त्यालाच कागद मिळतो, असे माझे मत झाले आहे.

माजी लिपिक
आपला राग समजू शकतो. असे घडते, हे मी पाहिलेले आहे. तरी एक सुचवतो: पूर, बुडणे, आग अशा प्रसंगी जीव वाचवणाऱ्यासाठी जीवन रक्षा पदक आहे, ते १९६१ पासून दिले जाते आणि सामान्य नागरिकालाही मिळू शकते, म्हणजे होडी घेऊन आलेल्या कोळी बांधवांनाही. ज्याचा जीव वाचला, त्याचा जबाब अशा प्रस्तावात सर्वांत वजनदार ठरतो. आपण पोलीस अधीक्षकांच्या नावे सविस्तर पत्र लिहून दिले, तर त्या पत्रावर पदक मिळेलच असे नाही, परंतु त्या शिपायाला निदान बक्षीस द्यायला वरिष्ठांच्या हाती आधार येतो. तक्रारीचे अर्ज ढिगाने येतात. चांगल्या कामाचे पत्र क्वचितच येत असे, आणि आले की ते सगळ्या शाखेत फिरत असे.

चाकरमानी गिरगाव
आम्ही मूळचे देवगडचे, राहायला गिरगावात. चौपाटीवरून जाताना तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी आमच्या मुलाने विचारले होते, ‘हे मोठे साहेब होते का?’ ते सहायक फौजदार होते आणि हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले, त्याच दिवशी करकरे, कामटे आणि साळसकर यांनाही. शांतताकाळातील देशाचा सर्वोच्च शौर्य सन्मान हुद्दा न पाहता दिला गेला, ही गोष्ट मुलाला समजावून सांगता आली.

महिला अंमलदार
मी अजून सेवेत आहे, म्हणून ठाण्याचे नाव लिहीत नाही. चोरीचा मुद्देमाल परत मिळवला की मासिक गुन्हे आढावा बैठकीत बक्षीस जाहीर होते, कारण तिथे मोजायला वस्तू असते. घरातून निघून गेलेल्या मुलीला आम्ही रेल्वे स्थानकावरून परत आणले, त्याचेही बक्षीस मिळाले. परंतु तीच मुलगी पुन्हा घर सोडू नये म्हणून तिच्या आईवडिलांसोबत कित्येक संध्याकाळी जाऊन बसले, ते कोणत्या सदरात लिहायचे? गुन्हा घडलाच नाही, तर तपास नाही, आणि तपास नाही तर नोंद नाही. लिपिकसाहेब, याला काही मार्ग आहे का?

माजी लिपिक
ताई, स्टेशन डायरीत प्रत्येक भेटीची नोंद करत चला. प्रस्तावाच्या वेळी तीच उपयोगी पडते. बाकी आपण म्हणता ते खरे आहे. ‘घडले नाही’ याला आमच्याकडे रकाना नव्हता.

स्पष्टवक्ता चिपळूण
आजीचे पत्र मी लिहून घेतो. तिला त्या शिपायाचा बक्कल नंबर आठवत नाही, पण चेहरा नक्की आठवतो. चालेल ना?

माजी लिपिक
तारीख, वेळ आणि गल्लीचे नाव लिहा. त्या दिवशी कोण कोठे नेमले होते, हे ठाण्यातील नोंदींवरून काढता येते.

ओरोसकर
सर्वांचे आभार. एक व्यावहारिक शंका आहे: बाबांची प्रशस्तिपत्रे पावसाळ्यात दरवर्षी बुरशी धरतात. लॅमिनेशन करून घ्यावे का?

गौरीआवाहन
मुळीच नको. आमच्या एका कागदाची शाई आतल्या आत पसरली. रंगीत झेरॉक्स काढून ती भिंतीवर लावा, आणि मूळ कागद कडक उन्हात नव्हे तर सावलीत वाळवून, सुकलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह पत्र्याच्या पेटीत ठेवा. गणपतीआधी एकदा उघडून पाहत जा.