मुलीचा कन्नड वाचतानाचा व्हिडिओ पसरवलाय, शाळेला जायला तयार नाही. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, आठवीला बेळगावात इंग्रजी माध्यमाला घातली. आता नववीत आहे. गेल्या महिन्यात कन्नडच्या तासाला धडा वाचताना ती अडखळली. कुणीतरी लपवून आणलेल्या मोबाइलवर ते टिपलं आणि गाढवाचा आवाज लावून इन्स्टाग्रामवर टाकलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या चेहऱ्याचा स्टिकर फिरतोय.

रोज सकाळी बसची वेळ झाली की पोटात दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. शनिवारी शाळा सुटली की बरं वाटतं, रविवारी रात्री दप्तर भरताना परत सुरू. काल तिचं कन्नडचं पुस्तक उघडलं, तर त्या धड्याची पानं पिना मारून बंद केलेली. "मला घरात पण वाचायला सांगू नको गे आई," एवढंच म्हणाली.

तिचे काका म्हणतात, मराठी म्हणून पोरीला छळतात, हे प्रकरण वर न्यायचं. मला ते नको आहे. स्टिकर पाठवणाऱ्यांत मराठी घरातली मुलंही आहेत, आणि मला हे सगळं पहिल्यांदा दाखवलं ते तिच्या कन्नड मैत्रिणीनं. सीमावादात पोरीचं नाव ओढलं, तर तो व्हिडिओ अजून कितीजण बघतील!

वर्गशिक्षक म्हणाले, मुलं चेष्टा करणारच. आता कुणाकडे जाऊ? तोवर तिला शाळेला पाठवू की घरी ठेवू? पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा आहे.

प्रतिसाद (हायस्कूल शिक्षिका, निपाणी):
ताई, रिपोर्ट करण्याआधी स्क्रीनशॉट काढा, खात्याचं नाव आणि लिंक उतरवून ठेवा. पोस्ट उडाली की पुरावाही जातो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी हललं नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. आधी तुम्हीच बोला. पोटदुखीला नाटक म्हणू नका, ती खरीच असते. पण पूर्ण घरीही ठेवू नका, जितके दिवस घरी राहील तितकं परत जाणं जड जातं. सुरुवातीला शाळेशी बोलून दोन-तीन तासच बसवा. ती मैत्रीण सोबत असेल तर फार बरं.

मूळ लेखिका:
मॅडम, स्क्रीनशॉट काढले. मैत्रिणीच्या आईला फोन केला. उद्या सकाळी दोघी मायलेकी बेळगावच्या बसस्टँडवर थांबणार आहेत.