मदत हवी आहे: नेक्स्टफ्लोच्या रिझल्ट फोल्डरात फाइलींऐवजी नुसते बाण

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कमांडही देवनागरीतच येतील, सांभाळून घ्या.

मुठेच्या पाण्यातल्या जिवाणूंवर आमचं काम चालतं. खडकवासला धरणाच्या खाली, विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल आणि संगम अशा चार जागा, वर्षभर दर महिन्याला प्रत्येक जागची एक बाटली, म्हणजे 48 नमुने. डीएनए वाचून आलेल्या फास्टक्यू फाइली मिळाल्यावर आधी फास्टपी या प्रोग्रामने रीड्स (डीएनएचे वाचलेले तुकडे) छाटायचे, मग क्रॅकन-2 हा प्रोग्राम लावून कोणकोणते जिवाणू आहेत ते ओळखायचं. पूर्वी मी एकेक नमुना हाताने चालवायचे. यंदा मॅडम म्हणाल्या, नेक्स्टफ्लो शीक, सगळ्या नमुन्यांच्या पायऱ्या तो आपोआप एकापाठोपाठ चालवतो. आधीच्या मुलाची स्क्रिप्ट होती, तीच चालवली.

सकाळी बघते तर रन संपलेला, कुठे लाल अक्षर नाही. रिझल्ट फोल्डर क्लस्टरवरून (आमच्या मोठ्या सामायिक संगणकावरून) आरसिंक या कॉपी करायच्या कमांडने लॅपटॉपवर आणला. 48 नमुन्यांचा निकाल चार सेकंदांत उतरला, तेव्हाच शंका यायला हवी होती. एकही फाइल उघडत नाही. क्लस्टरवर एलएस करून फाइलींची यादी बघितली तर प्रत्येक नावापुढे बाण, आणि बाणापुढे वर्क फोल्डरातला (नेक्स्टफ्लो जिथे प्रत्येक पायरी चालवतो तिथला) भलामोठा पत्ता. त्यात क्रॅकनचे रिपोर्ट 48 हवेत तर आहे एकच, 'रिपोर्ट डॉट टीएक्सटी'. फास्टपीच्या अहवालाची जेसन फाइलही एकच.

वर्कमध्ये डोकावले. दोन अक्षरांचे फोल्डर, त्यांच्या आत तीस अक्षरांचे फोल्डर, कोणता कुठल्या नमुन्याचा काही कळत नाही. एकेक उघडून फाइली वेचत बसू का? हे सगळं स्क्रॅचवर, म्हणजे क्लस्टरच्या तात्पुरत्या जागेत आहे आणि तिथे जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी आपोआप उडतात. क्रॅकनला अख्खी रात्र लागली होती, ते परत चालवायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा.

सदाशिव_शेल

वेचू नका. वर्कला हातही लावू नका, तुमचा खरा माल तिथेच आहे.

स्क्रिप्टमध्ये पब्लिशडिर असेल, म्हणजे निकाल कुठे ठेवायचा ती ओळ, त्यात मोड (कसा ठेवायचा ते) दिलेला नसणार. मोड नसला की नेक्स्टफ्लो फाइल आणून ठेवत नाही, सिमलिंक ठेवतो. म्हणजे दुकान हललंय आणि जुन्या दारावर 'नवीन पत्ता अमुक' अशी पाटी आहे. तुम्ही पाट्या उचलून घरी आणल्यात.

आत्ता लगेच काही हातात हवं असेल तर आरसिंकला मोठा एल द्या, तो बाणामागची खरी फाइल आणतो. कायमचा उपाय म्हणजे मोड कॉपी करा आणि रिझ्यूम लावून परत चालवा, म्हणजे झालेल्या पायऱ्या तो साठवणीतून (कॅशमधून) उचलतो. पब्लिशडिर बदलल्याने कॅश मोडत नाही, क्रॅकन पुन्हा चालणार नाही.

मुठाकाठची

दादा, केलं. जवळपास सगळ्या पायऱ्या 'कॅश्ड' दिसल्या, दोन मिनिटांत आटपलं. पण फोल्डरात तेच बाण! मोड कॉपी नक्की लिहिलंय, तीनदा तपासलं.

सदाशिव_शेल

हो की, हे सांगायचं राहिलं. माझीही यात एक अख्खी दुपार गेली होती. साध्या रनमध्ये नेक्स्टफ्लो जुन्या फाइलीवर नवी लिहितो, पण रिझ्यूममध्ये तिथे त्या नावाचं काही आधीच असेल तर हात लावत नाही. तुमचे बाण तिथे बसलेले आहेत, म्हणून कॉपी झालीच नाही. एक तर ओव्हरराइट ट्रू द्या, नाहीतर सरळ नवा फोल्डर द्या. मी नवा देतो, जुन्याशी ताडून बघता येतं.

बाणेरचा_बॅश

एकच रिपोर्ट का उरला ते कोणी सांगितलं नाही अजून. स्क्रिप्टमध्ये क्रॅकनला रिपोर्टचं नाव ठोकून दिलंय. वर्कमध्ये प्रत्येक नमुन्याची वेगळी खोली असते, तिथे भांडण नाही. बाहेर एकाच फोल्डरात आले की 48 जण एकाच खुर्चीवर! शेवटी जो आला तो बसला. फास्टपी तर नाव दिलं नाही की स्वतःहूनच 'फास्टपी डॉट जेसन' असं लिहितो.

आता इथे घाई करू नका. क्रॅकनच्या कमांडमध्ये जाऊन नाव बदललंत तर स्क्रिप्ट बदलली, कॅश गेली, पुन्हा रात्रभर. त्याऐवजी पब्लिशडिरमध्येच सेव्ह-ॲज द्या आणि फाइलीच्या नावाआधी नमुन्याचा आयडी जोडा. कॅश तशीच राहते, नावं बाहेर पडताना बदलतात. सगळे अहवाल एकत्र करणारा मल्टीक्यूसी पुढे जोडणार असाल तर मात्र फास्टपीची नावं मुळातच बदला, कारण सारख्या नावाच्या फाइली एका पायरीत गोळा केल्या की नेक्स्टफ्लो 'नावांची टक्कर' म्हणून थांबतो. फास्टपी परत चालवला की त्याच्या छाटलेल्या फाइली नव्या, म्हणजे मागून क्रॅकनही नव्याने. तेव्हा ते पुढच्या रनला.

हडपसरकर

मोड मूव्ह का नको? जागा वाचेल.

बाणेरचा_बॅश

शेवटच्या पायरीला चालेल. मधल्या पायरीची फाइल हलवलीत तर पुढच्या पायरीला ती सापडायची नाही, रिझ्यूमचंही वाटोळं. आणि हार्ड लिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) सुचवायच्या आत सांगतो, स्क्रॅच आणि होम वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतील तर ती लागतच नाही.

मुठाकाठची

झालं! नवा फोल्डर, मोड कॉपी, सेव्ह-ॲज. फाइली खऱ्या आहेत, उघडतात, नावांत 'विठ्ठलवाडी' वगैरे दिसतंय. तुम्हा दोघांना माझ्याकडून चहा.

पण मोजले तर रिपोर्ट 46 आहेत. दोन कुठे गेले? रन तर व्यवस्थित संपला म्हणत होता.

सदाशिव_शेल

स्क्रिप्टमध्ये एरर स्ट्रॅटेजी (चूक झाली तर काय करायचं ते) 'इग्नोर' आहे का बघा. ती असली की पडलेला नमुना सोडून गाडी पुढे जाते. मग नेक्स्टफ्लो लॉगला पहिल्या रनचं नाव द्या आणि टॅग, स्टेटस, एक्झिट, वर्कडिर हे रकाने मागा. कोणता नमुना कुठल्या फोल्डरात गेला तेही तिथेच दिसतं, म्हणजे खरं तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर तेच होतं.

मुठाकाठची

इग्नोरच आहे. जुलै आणि ऑगस्टचा संगम, दोन्हींचा एक्झिट (प्रोग्राम थांबताना दिलेला आकडा) 137.

बाणेरचा_बॅश

137 म्हणजे बाहेरून मारलं, बहुतेक मेमरी संपली. क्रॅकन प्रत्येक वेळी अख्खा डेटाबेस मेमरीत चढवतो, दोघे एकाच नोडवर (क्लस्टरमधल्या एकाच संगणकावर) आले असतील. इग्नोर काढून रिट्राय द्या, आणि मेमरी प्रत्येक खेपेला वाढेल अशी लिहा. रिझ्यूम असल्याने फक्त तेवढे दोनच चालतील.

मुठाकाठची

लावलंय. संध्याकाळी फोल्डरात 48 मोजूनच मॅडमना सांगेन. आधीच्या मुलाने मागच्या वर्षीचा निकालही याच स्क्रिप्टने काढलाय, ते 48 होते का हे आता बघायला घेते.