ठाणे स्टेशन ते गडकरी रंगायतन: आत्याला आणि भाच्याला पायी न्यायचंय, रस्ता सुचवा

कळवेकर
नमस्कार मंडळी. साताऱ्याहून आत्या आली आहे, वय ७२. गुडघे दुखतात, पण हळूहळू चालते, मधे टेकायला मिळालं की पुन्हा उठते. तरुणपणी ती साताऱ्यात हौशी नाटकांत काम करायची. गडकरी रंगायतनचं नाव पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं वाचत आलीय. प्रयोग नको म्हणते, तीन तास बसवत नाही. वास्तू डोळ्यांनी बघायची आहे. सोबत १० वर्षांचा भाचा, त्याला रेल्वेचं वेड.
बेत असा: कळव्याहून लोकलने ठाणे, पश्चिमेला बाहेर पडून पायी कौपिनेश्वराचं देऊळ, मग तलावपाळी म्हणजे तलावाचा काठ, मग गडकरी. शनिवारी संध्याकाळी साडेचारनंतर. तिघांचं खाणंपिणं धरून ३०० रुपये. जाताना रिक्षा नको, गाव चालत बघायचं ही आत्याचीच अट.
रस्ता कुठला घेऊ, बसायला कुठे मिळेल, तिखट नसलेलं काय खायचं आणि पोराला वाटेत काय सांगायचं, एवढं सुचवा.

नौपाडेकर
स्टेशन रोडने अजिबात जाऊ नका. गोखले रोडने निघा, राम मारुती रोडला वळा आणि तलावपाळीला बाहेर पडा. थोडं लांब पडतं, पण दुकानं चांगली आहेत, आत्यांना साडी घेता येईल. आमच्या आईला गेल्या दिवाळीत तिथेच पैठणी घेतली, अजून नजर लागावी अशी आहे. नंतर एखाद्या चांगल्या हॉटेलात थाळी घ्या, माणशी चारशे-पाचशेत छान होतं. पाहुणे रोज येत नाहीत.

कळवेकर
धन्यवाद. पण बजेट तिघांचं मिळून ३०० आहे.

वाफेचं_इंजिन
भाच्यासाठी सुरुवात फलाटावरच करा. लोकलचं तिकीट आहेच, वेगळा फलाट पास काढायची गरज नाही. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून गाडी सुटली ती इथे ठाण्यात आली. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, ३४ किलोमीटरचा प्रवास. ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. सुटताना २१ तोफांची सलामी. ही तीन नावं पोराला पाठ करायला लावा, आयुष्यभर विसरणार नाही. माझ्या मुलीला मी अशीच शिकवली, शाळेत तिने बाईंना सांगितली तेव्हा मला फार अभिमान वाटला.

रुळाकाठी
'भारतातली पहिली रेल्वे' असं मात्र पोराला सांगू नका. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती, आणि रुरकीला १८५१ मध्ये कालव्याच्या कामावर माती वाहायला वाफेचं इंजिन चाललं. ठाण्याची ती पहिली प्रवासी गाडी.

वाफेचं_इंजिन
मी 'पहिली' हा शब्दच वापरलेला नाही. वर जाऊन वाचा.

रुळाकाठी
तुम्ही नसेल वापरला. सगळे वापरतात म्हणून आधीच सांगितलं.

चरईची_मीना
दादा, ७२ वर्षांच्या बाईंना पहिला त्रास होणार तो पुलाचा. ठाण्याला सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. उतरल्यावर गर्दी ओसरू द्या, बाकावर पाच मिनिटं बसा, मगच पुलाकडे जा. गाडीतून उतरलेला लोंढा एकदम जिन्यावर चढतो, त्यात म्हातारं माणूस सापडलं की हात सुटतो. पश्चिमेला बाहेर आलात की वरचा सॅटिसचा पूल बससाठी, तुम्ही खालूनच चला. दुसरं म्हणजे चपला. माझी सासू जांभळी नाक्याला फरशीच्या फटीत अडखळली आणि अंगठा तुटला, चपलेचा. कोपऱ्यावरच्या चांभाराने लगेच शिवून दिली म्हणून निभावलं. त्यानंतर मी त्यांना चालायचे बूट घेतले, तीन हजार गेले, पण आता त्या रोज कचराळी तलावाला फेऱ्या मारतात. आत्यांनाही घ्याच.

मिसळप्रेमी_ठाणेकर
तहसीलदार कचेरीजवळची मामलेदार मिसळ खाल्ल्याशिवाय ठाणं पाहिलं असं म्हणता येत नाही. बजेटात बसते. विषय संपला.

चरईची_मीना
तिखट नको असं त्यांनी लिहिलंय.

मिसळप्रेमी_ठाणेकर
कमी तिखट सांगता येते. सोबत ताक घ्या. माझे आजोबा ८० व्या वर्षी मध्यम खायचे.

कोर्टनाका
गडकरीपर्यंत जाऊन परत फिरणं म्हणजे अर्धं ठाणं सोडणं. तलावपाळीवरून टाउन हॉल, कोर्टनाका आणि पुढे कारागृह, एवढं कराच. आत जाता येत नाही, पण भिंत बघा. तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे तुरुंग. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिली. आणि आत्या नाटकवाल्या आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, कान्हेरेंनी नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या त्या तिथल्या विजयानंद नाट्यगृहात, तो नाटक बघायला आला होता तेव्हा. पोरासाठी दुसरी गोष्ट: १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत असताना याच किल्ल्यातून निसटले. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणायचा आणि सुटकेचा निरोप त्या गाण्यांतून आत पोचायचा. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी कळत नव्हतं. या गावात राहून ही गोष्ट माहीत नसलेली मुलं भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

नौपाडेकर
गोष्टी उत्तम. पण गुडघेदुखीच्या बाईंना कारागृहापर्यंत नेणार? त्यापेक्षा गोखले रोड.

कोर्टनाका
गोखले रोडही लांबच पडतो, तुम्हीच वर लिहिलंय.

डोंबिवली_फास्ट_लोकल
कौपिनेश्वरला पाडव्याच्या स्वागतयात्रेला जा, खरी मजा तेव्हा. अर्थात स्वागतयात्रेची सुरुवात आमच्या डोंबिवलीची.

कळवेकर
आत्या पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे.

घंटाळीकर_काका
वरचं सगळं वाचलं. मी निवृत्त आहे आणि या रस्त्याने रोज चालतो, म्हणून माझं ऐका. स्टेशन ते गडकरी एक किलोमीटरच्या आसपास, फार तर थोडं जास्त. चढ नाही. अडचण अंतराची नाही, गर्दीची आहे. शनिवारी संध्याकाळी शिवाजी पथ आणि जांभळी नाका म्हणजे फेरीवाले, रिक्षा, दुचाक्या आणि खरेदीला आलेलं गाव. पदपथावर चालायला जागा उरत नाही, माणूस रस्त्यावर उतरतो आणि मागून हॉर्न. पहिलं बसण्याचं ठिकाण कौपिनेश्वराच्या आवारात. देऊळ जुनं, आजचं बांधकाम १७६० चं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केलेलं. शिवलिंग एवढं मोठं की आत्या हात जोडून उभ्याच राहतील. सोमवार टाळा. दुसरं ठिकाण तलावाचा काठ, बाक आहेत, संध्याकाळी मात्र जोडपी आणि भेळवाले आधीच बसलेले असतात. काठावरचं सेंट जॉन चर्चही दाखवा. गडकरीच्या दारात प्रयोगांचे फलक असतात, तेवढे वाचायलाच नाटकवाल्या माणसाला अर्धा तास लागतो. वास्तू १९७८ ची. पोराला सांगा, राम गणेश गडकरी ३४ व्या वर्षी गेले आणि तेवढ्या आयुष्यात गोविंदाग्रज नावाने कविता, बाळकराम नावाने विनोद आणि वर नाटकं लिहून गेले. परत येताना रिक्षाला नाही म्हणू नका, शेअर मिळते.

चरईची_मीना
काकांना अनुमोदन. गर्दीचंच मी म्हणत होते.

पाचपाखाडी_वेस्ट
उलटं का नाही करत? रिक्षाने आधी गडकरी, मग चालत स्टेशन. नाटकगृह ताज्या पायांनी बघून होतं आणि शेवटी थेट गाडी. आम्ही पाहुण्यांना कायम असंच नेतो.

घंटाळीकर_काका
शेवटी थेट गाडी म्हणजे दमलेल्या पायांनी पूल चढायचा. नको. शिवाय त्यांना जाताना रिक्षा नकोच आहे.

वाचनवेडी
मराठी ग्रंथ संग्रहालय कुणीच सांगितलं नाही? १८९३ ची संस्था, स्टेशनच्या पश्चिमेलाच. रेल्वे आणि नाटकापुढे आपल्याला पुस्तकं आठवतच नाहीत. आत्यांना नाट्यवाङ्मयाची कपाटं दाखवा. मी लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचे, माझं सगळं वाचन तिथलं.

वाफेचं_इंजिन
१४ डबे, साहिब, सिंध, सुलतान. पुन्हा सांगतो, फलाटावरच सांगा, बाहेर पडल्यावर मुलांचं लक्ष राहत नाही.

फूडी_फ्रॉम_वर्तकनगर
तलावपाळीला पाणीपुरी, नंतर आइस्क्रीम, आणि बोटिंग. वर्तकनगरहून आम्ही यासाठी खास येतो. एका गाडीवाल्याने मागच्या महिन्यात शिळी रगडा पॅटिस दिली, दोन दिवस पोट धरून होतो, त्यामुळे गाडी बघून निवडा. आत्यांना उकडलेलं कणीस चालेल, वर तिखट लावू नका म्हणून आधीच सांगा.

मिसळप्रेमी_ठाणेकर
बघा, म्हणून मिसळ. कढत रस्सा, शिळं असण्याचा प्रश्नच नाही.

कळवेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं, विजयानंद नाट्यगृहाचा उल्लेख पुन्हा वाचायला लावला आणि मग सांगितलं की शनिवार संध्याकाळ रद्द, रविवारी सकाळी सातला निघायचं. दुकानं बंद असतात, रस्ता मोकळा असतो, तलावाचे बाक रिकामे असतात. सरळ शिवाजी पथानेच जाणार, गोखले रोड नाही. कारागृह नाही, पण कान्हेरे आणि मोतद्दार या दोन्ही गोष्टी तलावाच्या काठावर बसून तीच भाच्याला सांगणार आहे, आवाज बदलून. ग्रंथ संग्रहालय तिने पुढच्या खेपेसाठी ठेवलंय. बूट घेणार नाही, तिची कोल्हापुरी तिला पुरते. खायला घरून तूपगुळाच्या पोळ्या आणि थर्मासमध्ये चहा. परतीला शेअर रिक्षा मान्य केली, हे काकांमुळे. ३०० पैकी उरलेल्या पैशांत भाच्याला बोट.

नौपाडेकर
सकाळी सातला साडीची दुकानं उघडी नसतात.

घंटाळीकर_काका
सकाळची वेळ उत्तम, मला सुचायला हवी होती. फक्त जांभळी नाक्याला त्या वेळी भाजीचे टेम्पो रिकामे होत असतात आणि रस्ता ओला असतो. कोल्हापुरी घसरते. तेवढ्या पट्ट्यात आत्यांचा हात सोडू नका. आणि बोट एवढ्या सकाळी मिळेल असं पोराला आधी कबूल करू नका, तिथे जाऊन विचारा.

कळवेकर
हे बरं सांगितलंत काका. भाच्याला अजून बोटीचं बोललेलो नाही.

मिसळप्रेमी_ठाणेकर
मिसळ सकाळची खरी.