आईसोबत पाहण्यासाठी तमिळ रहस्यमालिका सुचवा (फक्त प्राइम व्हिडिओवरची)

पायरी_आंबा: शनिवार-रविवारात संपेल अशी तमिळ गुन्हेमालिका हवी आहे. आमच्याकडे वर्गणी केवळ प्राइम व्हिडिओची आहे आणि दुसरी घ्यायची नाही. आईला उपशीर्षके भराभर वाचता येत नाहीत, त्यामुळे हिंदी ध्वनिमुद्रण असावे. मारहाण कमी असल्यास उत्तम.

रातकिडा: पुष्कर-गायत्री या जोडीच्या ‘सुझल’चा २०२२ मध्ये आलेला पहिला हंगाम डोळे मिटून लावा. सिमेंट कारखान्याला लागलेली आग, त्याच सुमारास कामगार नेत्याच्या मुलीचे नाहीसे होणे आणि गावात चाललेला अंगाळम्मन देवीचा ‘मयान कोल्लै’ उत्सव यांची वीण अशी घट्ट आहे, की उत्सवाच्या एकेका दिवसाबरोबर तपासही पुढे सरकतो आणि प्रत्येक दोन प्रकरणांनंतर आपला संशयित बदलतो.

खडूस_प्रेक्षक: झी५ वरच्या ‘विलंगु’पुढे बाकी सारे फिके आहे. पोलीस ठाण्यातला कारभार इतका खरा मी अन्यत्र पाहिलेला नाही. एका महिन्याची वर्गणी भरायला काय हरकत आहे?

पायरी_आंबा: वर्गणीचे वर लिहिले आहे. शिवाय त्यात कोठडीतली मारहाण आहे ना?

खडूस_प्रेक्षक: आहे, पण ती कथेची गरज आहे.

दुपारची_झोप: मीही ‘सुझल’च म्हणेन, मात्र हिंदीत मुळीच नको. पार्तिबन यांची बोलण्याची तिरकस ढब हीच त्या कामगार नेत्याची अर्धी भूमिका आहे आणि हिंदी आवाजात ती उरत नाही.

रातकिडा: ज्यांना उपशीर्षके वाचता येत नाहीत, त्यांनी मग काय करावे? मी हिंदीतच पाहिली आणि माझे काही बिघडले नाही.

माहेरवाशीण: आईंसोबत पाहणार असाल, तर ‘सुझल’मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा विषय आहे, हे आधीच ठाऊक असू द्या. आम्ही सासूबाईंसह पाहत होतो. शेवटची प्रकरणे कोणीच एकमेकांकडे न बघता संपवली.

खडूस_प्रेक्षक: रहस्य फोडल्याबद्दल आभार!

माहेरवाशीण: गुन्हेगाराचे नाव मी सांगितलेले नाही.

ओसरी: तमन्नाची ‘नोव्हेंबर स्टोरी’ कोणी कशी सुचवली नाही? ती हॉटस्टारवर (आताच्या जिओहॉटस्टारवर) आहे. ‘वदंदी’च्या वाटेला मात्र जाऊ नका. वेलोनी नावाच्या मुलीचा खून होतो आणि तिच्याविषयी जो तो आपापली कंडी पिकवत राहतो, एस. जे. सूर्या तपास अधिकारी म्हणून जीव ओततात, तरी आठ प्रकरणांमधला मधला भाग रबरासारखा ताणला आहे.

पायरी_आंबा: सर्वांचे आभार. ‘वदंदी’ प्राइमवर आहे, हिंदीतही आहे, म्हणून तीच लावतो. गावभर पसरलेल्या अफवांतून खरे काय ते निवडणे हा आईचा आवडता उद्योग आहे, त्यामुळे मधला भाग ताणलेला असला तरी तिची तक्रार नसेल.

खडूस_प्रेक्षक: पाचव्या प्रकरणात कंटाळलात, की ‘विलंगु’ आहेच.