मदत हवी आहे: पंढरपुरी म्हैस नियमित माजावर येते, पण प्रत्येक वेळी उलटते (भरवूनही गाभण राहत नाही). तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

सर्व पशुपालक बंधू-भगिनींना आणि पशुवैद्यकांना नमस्कार.

आमचे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठच्या ऊसपट्ट्यात आहे. घरच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक पारडी आहे. त्यांपैकी तिसऱ्या वेताची पंढरपुरी म्हैस गाभण राहत नसल्याने हा धागा काढत आहे. माहिती थोडी सविस्तर देतो, कारण अर्धवट माहितीवर मिळालेले सल्ले आजवर एकमेकांच्या विरुद्धच निघाले आहेत.

ही म्हैस गणपतीनंतर व्याली. रेडकू सरळ आले, पण वार (रेडकानंतर पडणारा जार) वेळेत पडली नाही आणि दुसऱ्या दिवशी हाताने काढून घ्यावी लागली. त्या वेळी गर्भाशयात औषधाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्यानंतर काही दिवस मळकट स्राव येत राहिला आणि मग तो आपोआप थांबला. ताप आला नाही, दूधही कमी झाले नाही. दिवाळीनंतर पहिला स्पष्ट माज दिसला. तेव्हापासून ती साधारण २० ते २२ दिवसांच्या अंतराने माजावर येते. पहिला माज आम्ही मुद्दाम सोडून दिला आणि पुढच्या प्रत्येक माजाला कृत्रिम रेतन करून घेतले. तीनपेक्षा जास्त वेळा भरवूनही ती दर खेपेस उलटली आहे.

माजाची लक्षणे अशी आहेत. सुरुवात बहुधा रात्री होते. मध्यरात्रीनंतर ती रेकू लागते, थोडी थोडी लघवी करते, निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजलेले दिसते आणि सकाळच्या धारेला पान्हा नीट सोडत नाही. बळस (माजातला चिकट स्राव) गाईसारखा लोंबत नाही. म्हैस बसलेली असताना तो खाली फरशीवर पडतो, किंवा शेपटीच्या गोंड्याला चिकटून वाळतो, त्यामुळे उठायच्या आत विजेरी घेऊन पाहिले नाही तर तो दिसतच नाही. आतापर्यंत तो काचेसारखा स्वच्छ आणि चिकट होता. मागच्या माजाला मात्र बोटांवर घेऊन उजेडात धरला, तेव्हा त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन पांढरट ठिपके दिसले. ते मला महत्त्वाचे वाटतात, पण ज्यांना सांगितले त्यांनी फारसे मनावर घेतले नाही.

रेतनाच्या वेळेबद्दलही माझ्या मनात शंका आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे, हा नियम आम्हाला माहीत आहे. परंतु माज रात्री केव्हा सुरू झाला हे नक्की कळत नाही, आणि रेतन करणारे कर्मचारी अनेक गावे सांभाळत असल्याने कधी दुपारी येतात, तर कधी दुसऱ्या दिवशी येतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही, कारण त्यांच्यावर कामाचा बोजा खरोखर मोठा आहे. पण म्हशीचे बीजांड माज संपल्यानंतर काही तासांनी सुटते असे वाचले आहे, म्हणजे वेळ थोडी पुढेमागे झाली तरी फरक पडत असणार.

आता वैरणीविषयी. हंगाम सुरू झाल्यापासून आमच्याकडे उसाचे वाडे (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर असते आणि खरे सांगायचे तर या भागातल्या बहुतेक गोठ्यांत हिवाळाभर तीच मुख्य वैरण असते. सोबत थोडा कडबा, सकाळ-संध्याकाळ आंबोण आणि सरकी पेंड असते. खनिज मिश्रण अधूनमधून दिले जाते, नियमित नाही. म्हशीची तब्येत मध्यम आहे. बरगड्या दिसत नाहीत, पण व्यायच्या आधीची तुकतुकी आता राहिलेली नाही. जंतनाशक दिले आहे.

गावात मिळालेले सल्ले असे आहेत. एक काका म्हणतात की कांडी (कृत्रिम रेतनाची गोठवलेल्या वीर्याची नळी) सोडा आणि रेड्याकडे न्या. दुसरे म्हणतात की गर्भाशयात पुन्हा औषध सोडून घ्या. एका औषध विक्रेत्याने हार्मोनच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स सुचवला आहे. घरात वडीलधाऱ्यांचे मत असे आहे की दूध आटायच्या आत बाजार दाखवावा, म्हणजे निदान बरी किंमत येईल. हा शेवटचा सल्ला मला मान्य नाही. तिची आई आणि आजी आमच्याच दावणीला होत्या आणि दोघीही वर्ष-सव्वा वर्षाला व्यायच्या. पंढरपुरी जात मुळात नियमित वेतासाठीच ओळखली जाते. म्हशीचा गर्भकाळ साधारण ३१० दिवसांचा असतो. व्याल्यानंतर तीन-चार महिन्यांत ती गाभण राहिली, तरच तेरा-चौदा महिन्यांनी पुढचे वेत मिळते. ती मुदत आमच्या हातून निसटली आहे आणि पुढे उन्हाळा आहे. उन्हाळ्यात म्हशींचा माज मुका होतो, म्हणजे बाहेरून लक्षणे दिसत नाहीत, हे आपण सगळे जाणतो, म्हणून जे काही करायचे ते फाल्गुन संपायच्या आत व्हावे अशी धडपड आहे.

माझा प्रश्न असा आहे की, आंधळेपणाने एकामागून एक औषधे न देता, आधी काय तपासावे आणि त्यानंतर काय तपासावे? वार अडकल्याचा या सगळ्याशी संबंध असू शकतो का? केवळ वाड्यावर पोसल्याने असे होते का? आणि नियमित माजावर येणाऱ्या म्हशीला हार्मोनच्या कोर्सची गरज असते का?

प्रतिसाद (पशुवैद्यक, आजरा तालुका)

नमस्कार. आपण माजांमधले अंतर लिहिले आहे, ही या धाग्यातली सर्वांत उपयोगाची माहिती आहे. म्हैस २० ते २२ दिवसांनी नेमाने माजावर येते याचा अर्थ तिची बीजांडकोशे काम करत आहेत. म्हणजे एकतर फलनच होत नाही, किंवा फलन होऊन गर्भ पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपासच नष्ट होतो, आणि तो टिकला नसल्याने पुढचा माज ठरल्या वेळी येतो. गर्भ यापेक्षा उशिरा गेला असता, तर मधले अंतर तीस-पस्तीस दिवसांपर्यंत लांबलेले दिसले असते. त्यामुळे माजावरच न येणाऱ्या जनावरासाठी असलेला हार्मोनचा कोर्स ही तुमच्या म्हशीची पहिली गरज नाही. त्यावर खर्च करण्याची घाई करू नका.

माझा पहिला संशय गर्भाशयाच्या सुप्त दाहावर आहे. वार अडकणे, त्यानंतरचा मळकट स्राव आणि आता बळसातले पांढरट कण या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून पाहा. अशा जनावराला ताप नसतो, दूध टिकून असते, माजही वेळेवर येतो आणि बळस बहुधा स्वच्छच दिसतो. तरीही आतले अस्तर गर्भाला धरून ठेवण्याच्या स्थितीत नसते. याची साधी चाचणी गोठ्यातही होते. माजातला बळस आणि तितकेच १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण परीक्षानळीत घेऊन उकळी येईपर्यंत तापवतात आणि थंड होऊ देतात. रंग बदलला नाही तर गर्भाशय निरोगी मानतात, पिवळा रंग आला तर दाह आहे असे समजतात, आणि पिवळेपणा जितका गडद तितका दाह जास्त. चाचणी तशी आली, तर बळसाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते प्रतिजैविक लागू पडते हे पाहावे आणि मगच उपचार करावा. उपचाराच्या माजाला भरवू नये, पुढच्या माजाला भरवावे. प्रतिजैविक चालू असताना आणि त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध संकलनाला घालू नये.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. गर्भाशयात काहीही सोडण्यापूर्वी, किंवा माज आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन टोचण्यापूर्वी, गुदमार्गे हात घालून गर्भतपासणी झालीच पाहिजे. काही म्हशी गाभण असतानाही माजाची लक्षणे दाखवतात. अशा म्हशीच्या गर्भाशयमुखातून रेतनाची नळी पुढे गेली, किंवा ते इंजेक्शन दिले गेले, तर गर्भपात होतो. ‘उलटली’ म्हणून पुन्हा भरवलेल्या आणि त्यामुळेच गाभडलेल्या म्हशी मी पाहिल्या आहेत.

दाह नसल्याचे दिसले, तर दुसरी शक्यता बीजांड उशिरा सुटण्याची आहे. म्हशीचा माज साधारण १२ ते २४ तास टिकतो आणि तो संपल्यावर सुमारे १० ते १४ तासांनी बीजांड सुटते. रेतनाच्या वेळी बीजांडकोशावरची पुटिका (बीजांड असलेला फुगवटा) हाताला लागते. २४ तासांनी पुन्हा तपासून ती तशीच आढळली, तर बीजांड सुटलेले नाही असे समजून दुसऱ्यांदा रेतन करतात आणि गरजेप्रमाणे जीएनआरएचचे (बीजांड सुटायला मदत करणाऱ्या हार्मोनचे) इंजेक्शन देतात. हार्मोनचा उपयोग असेल तर इथे आहे, पण तोही तपासून. तुमच्याकडे माज रात्री सुरू होतो, त्यामुळे शक्य असेल तर पहाटे तीन-चारच्या सुमारास एक फेरी गोठ्यात मारा. लक्षणे कधी दिसू लागली ती वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा आणि रेतन करणाऱ्यांना तीच वेळ सांगा. कांडी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवनत्रातून काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवली जाते की नुसती हातात चोळून वापरली जाते, हेही नम्रपणे विचारायला हरकत नाही. अर्धी यशस्विता त्या पाण्याच्या भांड्यात असते, असे मी म्हणेन.

वाड्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. वाड्यात ऑक्झॅलेट असते. ते शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. शिवाय प्रथिने आणि स्फुरद दोन्ही त्यात कमी असतात. वाड्यानेच म्हैस उलटते असे मी म्हणणार नाही, परंतु महिनोन्महिने तेच मुख्य अन्न असेल तर गर्भ राहण्यासाठी लागणारी शिदोरी शरीरात उरत नाही. वाडे कुट्टी करून द्या, ते एकूण वैरणीच्या निम्म्याच्या आत ठेवा आणि सोबत लसूण घास किंवा हिरवा मका द्या. कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, ती सोडू नका. खनिज मिश्रण दररोज ५० ग्रॅम, न चुकता द्या. अधूनमधून दिलेल्या मिश्रणाचा फायदा दिसत नाही. आज सुरू केले तरी परिणाम दिसायला महिना-दीड महिना जातो, म्हणून हे काम चाचणीची वाट न पाहता सुरू करावे.

रेड्याचा मार्ग मी बंद करत नाही. पण गावातला रेडा किती म्हशींवर गेला आहे आणि त्याची ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी झाली आहे का, याचे उत्तर मिळाल्याशिवाय म्हैस नेऊ नका. हा रोग गाभण म्हशीला शेवटच्या तिमाहीत गाभडवतो, वार अडकवतो आणि कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या स्रावातून माणसालाही होतो. तुमच्या म्हशीची वार अडकली होती, म्हणून तिचेही रक्त एकदा तपासून घ्या. तुमची पारडी चार ते आठ महिन्यांच्या वयात असेल, तर तिला ब्रुसेलाची लस आत्ताच द्या. ही लस फक्त मादी वासरांना, त्याच वयात आणि आयुष्यात एकदाच देतात.

तपासणीसाठी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जाता येईल. गाडीत घालून म्हैस नेणे अवघड असेल, तर फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा. त्यापुढे जावे लागले, तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

प्रतिसाद (म्हैसपालक, कागल तालुका)

डॉक्टरसाहेबांनी सर्व सांगितलेच आहे. माझी एवढीच भर आहे की, उन्हाळ्याची धास्ती घेऊन घाईने विकू नका. आमच्या गोठ्यात दुपारी दोन वेळा अंगावर पाणी मारतो, पत्र्यावर वाडे पसरून ठेवतो आणि वैरण रात्री जास्त टाकतो. अशा सोयीत चैत्र-वैशाखातही म्हशी माज दाखवतात, फक्त तो रात्रीच पाहावा लागतो. आणि दादा, वडीलधाऱ्यांना गर्भतपासणीच्या दिवशी गोठ्यात उभे करा. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर गर्भाशयाची स्थिती सांगितली, की बाजाराचा विषय बराचसा मागे पडतो, हा माझा अनुभव आहे.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब आणि कागलचे दादा, आपण वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पारडी सहा महिन्यांची आहे, तेव्हा तिची लस या आठवड्यातच करून घेतो. वाड्याचे प्रमाण कमी करून लसूण घासाची सोय शेजारच्या शेतातून केली आहे. वडिलांशीही बोललो. चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबायला ते तयार आहेत.

एक शंका उरली आहे. पुढचा माज रात्री सुरू झाला आणि डॉक्टर सकाळी येणार असतील, तर पहाटे पडलेला बळस आम्ही बाटलीत धरून ठेवला तर चाचणीला चालेल का?

प्रतिसाद (पशुवैद्यक, आजरा तालुका)

फरशीवर पडलेला किंवा शेपटीवरचा बळस चालणार नाही. त्यात शेण आणि धूळ मिसळलेली असते, त्यामुळे प्रयोगशाळेत गोठ्यातले जंतू वाढतात आणि उपचार भलत्याच दिशेला जातो. नमुना निरण स्वच्छ धुऊन, पुसून, निर्जंतुक नळीने आतूनच घ्यावा लागतो आणि ते काम डॉक्टरांनीच करावे. तुम्ही फक्त वेळ लिहून ठेवा, पहाटेच दूरध्वनी करा आणि डॉक्टर येईपर्यंत रेतन करू देऊ नका. नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, म्हणून बर्फ घातलेला डबा आदल्या रात्रीच तयार ठेवा.